कासारमळ्याची पहिली मुलगी

"ह्या नावाचं पुस्तक न्हाय आपल्याकडं," विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या खिडकीपलीकडून केरबामामांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"असं कसं न्हाय मामा? बघा की जरा नीट..." संघप्रियानं मोबाइल काचेला टेकवला. "नाव हाय, लेखक हाय, पान नंबरसुद्धा हाय!"

"आपल्याकडंच काय, जगात कुठंच न्हाय ते," मागून कुणीतरी म्हणालं.

ती गर्रकन वळली. पावसानं भिजलेली बाही, नाकावर घसरलेला चष्मा आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"पावणं, तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणी न्हाय. पण ह्या आठवड्यातलं हे चौथं. एआयनं रचलेली नावं असत्यात ही. तळटीप अशी झकास देतंय, की खरंच वाटतंय."

तो अनेकांत. हातकणंगल्याचा, विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकणारा. आणि ती इतिहासाच्या एमएची, कागलजवळच्या कासारमळा गावची. तिच्या असाइनमेंटचा विषय होता, गावातल्या शाळेत पहिली मुलगी कधी आली. वेबसाइट म्हणत होती एकोणीसशे एकतीस, शाळेची स्मरणिका म्हणत होती अडतीस.

"तीन प्रश्न विचारायचे," अनेकांत तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. "कुणी लिहिलं? कधी लिहिलं? आणि त्याला कसं कळलं?"

वेबसाइटवर लिहिणाऱ्याचं नावच नव्हतं. स्मरणिका लिहिली होती पन्नास वर्षांनी, अध्यक्षांनी, ऐकीव माहितीवर.

"म्हणजे दोन्ही बाद?"

"बाद न्हाय. पण डोळे झाकून मान डोलवायची न्हाय."

मग रोज अकराला दोघं खिडकीजवळच्या टेबलावर बसू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. बाहेर भुरभुर पाऊस, मधूनच मोराची केका. पान उलटताना बोटाला बोट लागलं की तो चटकन हात मागं घ्यायचा – आणि पुढच्या दोन ओळी तिला काही केल्या कळायच्या नाहीत. अकरा वाजून पाच मिनिटं झाली, की तिची नजर दाराकडं लागायची. आला की ती मुद्दाम वहीत डोकं खुपसायची.

"उशीर?"

"वाट बघत होतीस व्हय?"

"मी? छे! खुर्ची अडवून ठेवायचा कंटाळा आला, एवढंच."

नवव्या दिवशी तिनं वही मिटली. "झालं माझं. नक्की साल सांगता येत न्हाय, असंच लिहिते. उद्यापासून न्हाय येत मी."

अनेकांत पेन्सिल फिरवत राहिला. मग एकदम म्हणाला, "थांब की... एक सरकारी अहवाल हाय, छत्तिसातला. पान त्रेचाळीस. त्यात तुझ्या गावची शाळा हाय. चौतीस साल दिलंय."

"बघितलायस तू?"

"...व्हय."

अहवाल शोधण्यात आणखी तीन दिवस गेले. तो काही सापडला नाही. त्या तीन दिवसांचं तिला वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर. शेवटी सेमिनारचा दिवस उजाडला, तेव्हा तिनं ते साल, ते पान, सगळं जसंच्या तसं लिहून टाकलं.

"हा अहवाल तू पाहिलास?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग पान त्रेचाळीस कुणी पाहिलं?"

वर्ग फिसकन हसला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"शुक्रवारपर्यंत नीट करून आण. नाहीतर शून्य."

बाहेर जिन्यावर अनेकांत उभा होता.

"खरं सांग. बघितला होतास?"

त्यानं मान खाली घातली. तो काही बोलणार, तेवढ्यात ती तरातरा पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. फोन वाजायचा, ती पालथा घालायची. वाजायचा थांबला, की उलटून बघायची. ज्यानं प्रत्येक ओळीवर शंका घ्यायला शिकवलं, त्याच्याच शब्दावर आपण डोळे झाकून... छे! आणि राग नेमका कशाचा, खोटं बोलल्याचा, की आता अकरा वाजले तरी कुणाचीच वाट बघायची नाही, याचा?

बुधवारी ती उठली ती थेट गावच्या शाळेत गेली. हेडमास्तरांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. त्यात शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची पहिल्या दिवसापासून नोंद होती. व्हरांड्यात मांडी घालून ती एकेक नाव वाचत गेली. गणपती, रामू, तवनाप्पा... पोरंच पोरं. आणि मग – अकरा जून एकोणीसशे चौतीस. चिमणाबाई ज्ञानू. वय नऊ.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. शेजारी नाव कमी केल्याची तारीख होती, बावीस जून. अकरा दिवस! शेरा मात्र मोडी लिपीत, घाईघाईनं खरडलेला.

"संघप्रिया..."

फाटकात अनेकांत. गुडघ्यापर्यंत चिखल.

"तू? हितं कशाला?"

"रजिस्टर बघायला. तू असशील म्हणून न्हाय, खरंच." तो पायरीपाशीच थांबला. "मॅडमना सांगून आलोय, चूक माझी हाय म्हणून."

"तुला कुणी सांगितली माझी वकिली करायला? न बघता लिहिलं मी. तेवढी चूक माझी, माझ्याकडंच राहू दे." ती त्याच्याकडं वळली. "पण तू खोटं का बोललास?"

"अहवाल मी बघितलाच नव्हता. एका जुन्या प्रबंधाच्या तळटिपेत नुसता उल्लेख वाचलावता. तू म्हणालीस, उद्यापासून येत न्हाय... तर तोंडातून गेलं." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू येत राहावीस म्हणून. मला आवडतीस तू. हे ऐकीव न्हाय."

व्हरांड्यावर पावसाची सर आली आणि गेली. संघप्रियानं रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं.

"हा शेरा वाच."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. तिला वाटलं, आता हा काहीतरी ठोकून देणार.

"न्हाय येत," तो म्हणाला. "मोडीतलं एक अक्षर येत न्हाय मला."

ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि दोन दिवस छातीत घट्ट बसलेलं काहीतरी सैल होत गेलं.

हेडमास्तर म्हणाले, कागलात एक निवृत्त गुरुजी आहेत, मोडी घडाघडा वाचतात. तिनं मोबाइलवर पानाचा फोटो काढून घेतला. दोघं फाट्यावर आले. एसटी आली, ती चढली, खिडकीशी बसली. तो मागोमाग चढला आणि दांडी धरून उभा राहिला.

"माझ्या घरात अवघड हाय, बघ," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"माझ्याबी घरात सोपं न्हाय."

"पुन्हा खोटं बोललास तर?"

"न्हाय बोलणार."

"मलाबी..." ती अडखळली. "अकराची लई सवय झालीया मला."

गाडी वळणावर डुलली. तिनं शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस की आता! उभा काय राहिलास?"