चकतीवरचा लाल ठिपका

तुमचं गिऱ्हाईक घोडबंदर रोडला राहो नाहीतर लंडनला, तो रेडिओ काही मिळायचा नाही. का, ते सांगतो. आधी चहा घ्या.

मागच्या फेब्रुवारीत आंबिवलीच्या शालनताई माझ्या या मानपाड्याच्या दुकानात आल्या. पिशवीत चामड्याच्या कव्हरातला जुना ट्रान्झिस्टर. "जय भीम, दगडूभाऊ. आमचे मिस्टर गेले दिवाळीत. आता मी मुलीकडे राहायला चाललेय. दुरुस्त करा आणि कितीला जाईल ते सांगा." बोलताना हात मात्र कव्हरावरून निघेना.

चाळीस वर्षं हेच करतोय, तेव्हा तोरा होताच. म्हटलं, सगळं मूळचं आहे, चकाचक केला की शौकीन लोक उड्या मारतील. सेलचं सांडलेलं पाणी साफ केलं, दोन कंडेन्सर बदलले. स्टेशन लावायच्या गोल चकतीच्या कडेला कसलासा लाल ठिपका वाळून घट्ट झालेला. पोरांचे उद्योग, म्हणून ब्लेडने खरवडून टाकला. अकलेचा कांदा मी!

त्याच दिवशी संध्याकाळी सातला रेडिओ खरखरायला लागला. बघतो तर चकती आपोआप फिरतेय. हळू... पुढे... थांबून परत मागे... दिवे गेल्यावर फळीवरची काडेपेटी चाचपावी, तशी. मी सेल काढले. आवाज बंद झाला, चकती थांबेना. टेबलापाशी तपकिरीचा वास सुटलेला, कव्हराला येत होता तोच.

भीती? अहो, वाटणारच. पण खरं सांगू, भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं. कुणीतरी काहीतरी शोधत होतं आणि त्याला ते सापडत नव्हतं.

शालनताईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहालाच आल्या. चकतीवरून बोट फिरवलं आणि चेहराच उतरला.

"भाऊ, ठिपका कुठाय?"

"साफ केला..."

"अहो, शेवटची बारा वर्षं दिसत नव्हतं त्यांना. मीच नेलपॉलिशचा थेंब लावून दिलेला. बोटाला थेंब लागला, तो वर आणला, की सातच्या बातम्या. 'शालन, एवढं तरी माझं मला करू दे,' म्हणायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळत जाऊन शेजारच्या बांगडीवाल्याकडून बाटली आणली. ताईंनी सेल घातले, बातम्यांचं स्टेशन पकडलं आणि चकतीच्या वरच्या कडेला थेंब ठेवला. मग चकती पार टोकाला फिरवली, ठिपका खाली नेला आणि हात मांडीवर ठेवले.

"अहो... लावा आता."

बराच वेळ काहीच नाही. बाहेर दोन रिक्षावाले भांडत होते. मग चकती हलली. या खेपेला चाचपणं नव्हतं. ठिपका सरळ वर आला, थांबला, आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या.

ताई ढसाढसा रडल्या. "सापडलं हो त्यांना... भाऊ, नाही विकायचा मला. मुलीकडे माझ्या उशाशी ठेवीन."

मी पाणी आणायला आत गेलो. ग्लास पुढे केला, तेव्हा ताईंचा एक गाल अजून भिजलेला, दुसरा कुणीतरी पुसून दिल्यासारखा कोरडा. त्या कोरड्या गालावर, डोळ्याखालून कानापर्यंत, ओल्या नेलपॉलिशचा लाल फराटा होता. मी त्यांचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. एकाही बोटाला रंग नव्हता.