दुसरा साक्षीदार

थिरथिरा आला, असं मनीने बाबांना सांगितलं तेव्हा सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि थिरथिरा आलेला नव्हता.

कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबावर तो दर हिवाळ्यात येऊन बसायचा. मुठीएवढा पक्षी. काळी छाती, विटकरी शेपूट, आणि ती शेपूट सारखी थरथरत असायची... थंडी जणू त्या एकट्यालाच वाजतेय. तो आईचा लाडका होता. ‘आला गं बाई माझा कुडकुडणारा पाहुणा,’ म्हणत ती हातातला कप तसाच धरून उभी राहायची, चहा गार होईपर्यंत. गेल्या उन्हाळ्यात आई गेली. यंदा डिसेंबर सरत आला तरी खांब रिकामाच होता.

“खांबावर बसलाय?” बाबांनी विचारलं. मागच्या दाराच्या पायरीवर, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन ते बसले होते.

“हो. खांबावरच.”

“आवाज नाही केला त्याने?”

“आज... गप्प आहे.”

“लांडगा नाही ना गं, मने?”

या घरात लांडग्याचा अर्थ वेगळा होता. दादा सात वर्षांचा असताना ‘टाकीमागे लांडगा!’ म्हणून ओरडत आला होता. लांडगा निघाला शेजाऱ्यांचा कुत्रा. बाबांचं आयुष्य जमिनीच्या मोजणीत गेलेलं. त्यांनी त्याच संध्याकाळी नियम केला, मोजणीला दोन पंच लागतात, तसे परसातही लागतील. तेव्हापासून पंचवीस हिवाळे एका जाड वहीत नोंदी होत होत्या: तारीख, वेळ, काय दिसलं, आणि शेवटी दोन साक्षीदारांची आद्याक्षरं. एकट्याने पाहिलं, ते सगळं लांडगा.

आता बाबांच्या डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. म्हणजे साक्षीदार एकच उरली होती, मनी.

थंडी पडायला लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, “थिरथिरा आला तर राहू. नाही आला, तर या घरातलं आपलं काम संपलं असं समजू. दादाकडे जाऊ.” दादाचं घर दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तो गाडी घेऊन न्यायला येणार, असं ठरूनही गेलं. मनीला ते परस सोडायचं नव्हतं. आई अजून कुठे असेल, तर ती या पायरीपासून त्या खांबापर्यंतच होती.

तिने मान वर केली. भिंतीपलीकडच्या वाळक्या झाडावर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, कमरेला दोर बांधून एक माणूस बसला होता. हातात करवत. तो सरळ तिच्याकडेच पाहत होता.

“अहो... झाडवाले!” तिने हाक मारली. “तुम्हालाही दिसला ना आत्ता? खांबावर?” आणि बाबांच्या पाठीमागे तिने दोन्ही हात जोडले.

त्याने खांबाकडे पाहिलं. तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग आवाजाच्या दिशेने वर उचललेल्या बाबांच्या चेहऱ्याकडे तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

“नाही,” तो म्हणाला. “खांबावर कोणी नाही.”

मनीचे कान तापले. बाबा मात्र हसले. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा.

“याला म्हणतात साक्षीदार!” ते म्हणाले. “अहो, उद्या सातला चहाला या.”

बाबा आत गेल्यावर ती तडक भिंतीपाशी गेली. तो दोरावरून अर्ध्यात उतरला होता. खाली एक पिकल्या मिशांचा माणूस दोराचं दुसरं टोक धरून उभा होता.

“एक ‘हो’ म्हणायला काय जात होतं तुमचं?”

“माझं काही नाही. पण तुमच्या वडिलांनी माझ्याकडे डोळे मागितले. मागणाऱ्याला खोटे कसे देणार?”

“मी खोटे दात बनवते,” मनी म्हणाली. गावातल्या दवाखान्यांना कवळ्या पुरवणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती. “लोक त्यांनी पोटभर जेवतात. दुवा देतात.”

तो हसला. “माझे खरे आहेत.”

“दिसतंय ते. पुढचा एक वाकडा आहे.”

“भाच्या,” खालून मिशा बोलल्या, “वर जा नाहीतर खाली ये. असा मधे लटकू नकोस, माझे खांदे निखळायला आलेत.”

“आणि तुमच्या त्या मशीनच्या करवतीने एकही पाखरू फिरकणार नाही इथे,” ती जाता जाता म्हणाली.

“नऊपर्यंत मशीन लावत नाही मी. बारीक फांद्या हातकरवतीने काढतो.” तो थांबला. “वरून तुमचं परस चांगलं दिसतं. काही आलं तर सांगेन... खरंच आलं तर.”

आणि खरंच सांगू लागला. वरून आवाज यायचा, “टाकीपाशी परीट पक्षी! शेपूट आपटतोय!” मनी धावत जाऊन पाहायची. बाबा कान टवकारून म्हणायचे, “ऐकला. वेळ घाल. लिही.” वहीत महिनोन्‌महिन्यांनी दोन अक्षरं शेजारी शेजारी आली: म आणि झा. झाडवाल्याचा झा. परीट, खारीची जोडी, भिंतीवरून चोरासारखं गेलेलं मुंगूस. एके दिवशी त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि खुणेने तिला शिडीवर बोलावलं. बुंध्याच्या ढोलीत पिंगळा होता. पिवळे गोल डोळे, झोपमोड झाल्यासारखे रागीट. शिडीच्या एकाच पायरीवर दोघं. त्यांच्या तोंडची वाफ एकमेकांत मिसळत होती.

“तुमच्यासारखा पाहतोय,” तो कुजबुजला. “पहिल्या दिवशी पाहिलं होतंत, तसा.”

“मी इतकी गोल डोळ्यांची नाही.”

“गोल नाहीत,” तो म्हणाला. मग त्याने पिंगळ्याकडेच पाहिलं.

शेजाऱ्यांना सांगून त्याने ढोलीचा बुंधा तेवढा उभा ठेवला. बाकीचं झाड दहा दिवसांत उतरलं. काम संपलं. अकराव्या दिवशी सात वाजता तो मागच्या दारात हजर.

“वाटेवरच आहे,” तो म्हणाला.

“कसली वाट?” फाटकापाशी थांबलेल्या त्या पिकल्या मिशांच्या मामांनी आवाज दिला. “काम आहे गावाच्या त्या टोकाला! पेट्रोल काय पाखरं भरणार आहेत?”

झाडवाल्याचे कान लाल झाले. मनीने एक कप जास्त मांडला, आणि मामांसाठी आणखी एक.

असा जानेवारी गेला. ऊन भिंतीवरून इंचाइंचाने खाली उतरायचं, तारेवरचे दवाचे थेंब एकेक करून गळायचे, आणि ते तिघं पायरीवर बसून असायचे. दुर्बीण एकच, तीही बाबांच्या नोकरीतली, एका काचेवर बुरशी चढलेली. ती हातातून हातात जाताना बोटं उगाच रेंगाळू लागली. तिच्या नखात अडकलेलं कारखान्यातलं मेण एकदा त्याने काडीने अलगद काढलं. तिच्या शालीला लाकडाच्या भुशाचा वास येऊ लागला, आणि तिने शाल धुतली नाही.

खांब मात्र रिकामाच.

“रविवारी दादा येतोय,” फेब्रुवारी संपता संपता ती फाटकापाशी म्हणाली. “त्या दिवशी ‘हो’ म्हणाला असतात, तर... तर आम्ही राहिलो असतो.”

“मग तो पक्षी तुम्हाला रोज आणावा लागला असता. रोज सकाळी. एकटीने.”

 डोळे भरून आले ते तिला त्याला दाखवायचे नव्हते, पण तो पाहण्यात आता तरबेज झाला होता.

“तुम्ही गेलात...” त्याने सुरुवात केली, आणि वाक्य तिथेच सोडलं.

शनिवारी तो खांद्यावर एक जड गोल चकती घेऊन आला. त्याच झाडाच्या खोडाची, रंधा मारून गुळगुळीत केलेली. “बाबांना बसायला,” तो म्हणाला. “नेता येईल बरोबर.”

बाबांनी चकतीवर हात फिरवला. “वलयं मोजलीस?”

“मोजली. बाहेरून सोळावं केसाएवढंच आहे. त्या वर्षी झाडाला पाणीच मिळालं नाही. वाळून दोन वर्षं झाली, ती धरली तर अठरा वर्षांपूर्वीचं.”

“टँकरचं वर्ष,” बाबा लगेच म्हणाले. “तो हिवाळा मी घरी नव्हतोच. दुष्काळी गावांच्या मोजणीवर होतो, तीन महिने.” ते थांबले. “मने, त्या हिवाळ्याची पानं काढ बरं. काय आलं होतं तेव्हा, ते मला कधी कोणी वाचून दाखवलं नाही.”

मनीने वही उघडली. आईचं तिरपं अक्षर. डिसेंबर वाचला, जानेवारी वाचला. साळुंक्या, परीट, एक खार. फेब्रुवारीच्या शेवटच्या ओळीशी ती थांबली.

“काय झालं?”

“‘यंदा थिरथिरा आला नाही.’” ती वाचत होती. “‘साक्षीदार...’ आ. आणि... म.”

म वाकडा होता, रेघ सोडून वर गेलेला. दहा वर्षांच्या हाताने काढलेला. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं, फक्त पेन्सिल धरलेल्या आपल्या हातावर आईचा गार हात तेवढा एकदम आठवला.

 टाकीपाशी पाण्याचा थेंब पडला, तो ऐकू आला.

“तेव्हा ती होती,” बाबा अखेर म्हणाले. “घरात होती, धडधाकट होती. तरी नाही आला.”

“आणि पुढच्या वर्षी?” झाडवाल्याने हळूच विचारलं.

मनीने पानं उलटली. “‘बारा नोव्हेंबर. खांबावर. सात दहा.’ खाली आईने लिहिलंय, ‘कुठे होता इतके दिवस?’”

बाबांनी मान खाली घातली. खांदे हलले. ते हसतायत की रडतायत, ते तिला कळेना. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“बाबा, त्या दिवशी... मी खोटं बोलले.”

“माहीत आहे. थिरथिरा कधी गप्प बसतो का? टिक टिक चालूच असते त्याची. तुझी आई म्हणायची, दात वाजतात त्याचे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू किती दिवस रेटतेस ते पाहत होतो. एक दिवस टिकलीस. कच्ची आहेस.”

रविवारी दादा आला, चार रिकाम्या बॅगा घेऊन. बाबा चकतीवर बसले होते, अंगावर कोवळं ऊन.

“बॅगा तशाच परत ने,” बाबा म्हणाले. “पुढच्या हिवाळ्यात भरून आण. राहायला ये.”

“बाबा, अहो, सगळं ठरलं होतं. यंदा तर तो आलाही नाही—”

“नाही आला. मग पुढच्या वर्षी बघायला नको का कोणी?”

दादाने मनीकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या अनोळखी माणसाकडे. “हे कोण?”

“दुसरा साक्षीदार,” बाबा म्हणाले.

“अच्छा.” दादाने त्याला एकदा वरून खाली न्याहाळलं. “माझा लांडगा तेवढा वहीत घालता आला तर बघा हो. पंचवीस वर्षं झाली.”

“तो कुत्रा होता!” मनी आणि बाबा एका सुरात म्हणाले. दादा पुटपुटत चहा करायला आत गेला.

“मने, लिही,” बाबा म्हणाले. “यंदा थिरथिरा आला नाही.”

तिने लिहिलं. म काढला, या वेळी सरळ. वही पुढे केली. झाडवाल्याने झा काढला, पण पेन्सिल परत दिली नाही.

“एक विचारायचं होतं.” तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. “मला दोन महिने एक गोष्ट दिसतेय. रोज, सात ते नऊ. पण... एकट्याचं पाहणं तुमच्या घरात धरत नाहीत ना?”

मनीने वहीवरून नजर उचलली नाही. “लांडगा असेल.”

“असेलही. म्हणूनच विचारतो. तुम्हाला... काही दिसतंय का?”

तिने वहीवरून नजर उचलून समोर पाहिलं. रिकाम्या खांबापलीकडे, बुंध्याच्या ढोलीत, पिंगळ्याने एकदा डोळे उघडून मिटले.

“दिसतंय,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून नाही हं. पहिल्या दिवशी तुझा फार राग आला होता.”

तुझा. तो शब्द दोघांनीही ऐकला. तिसऱ्यानेही.

“तारीख आणि वेळ घाला,” चकतीवरून बाबा म्हणाले, मान जराही न वळवता. “नियम म्हणजे नियम.”

मनीने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. तारीख घातली. आठ वाजून पाच मिनिटं. काय दिसलं ते लिहायची जागा कोरी ठेवली, आणि ओळीच्या शेवटी दोन अक्षरं काढली, शेजारी शेजारी.