उणेचाचणी

खांबेटे मेतकुटाच्या कारखान्यात भिंतीभिंतीवर इवली कृत्रिम नाकं बसवली होती. घाणा भाजून उतरला की त्याचा वास टिपून ती संगणकाकडे पाठवत. पूर्वी धंद्याचे निर्णय चहा पिता पिता होत आणि चुकले तर नशिबाला बोल लावता येई. आता, २०६२ साली, उणेचाचणीशिवाय कुणी पाऊल टाकत नसे.

"ती असते तरी काय रे?" मालकीणबाई शिल्पाताईंनी विचारलं.

"धंद्यावर बाहेरून भाव, पाऊस, गिऱ्हाइकांची आवड यांचा प्रभाव पडतो, काकू," तज्ज्ञ अन्वय म्हणाला. "आतून माणसांचा, सवयींचा. एकेक प्रभाव वजा करून मागची वर्षं संगणकात पुन्हा घडवायची. काहीच बिघडलं नाही, तर त्या प्रभावाचं वजन शून्य."

"शून्य कुणाचं आलं?"

तो घुटमळला. "मेधाताईंचं."

मेधाताई म्हणजे शिल्पाताईंची थोरली जाऊ, वय ब्याऐंशी. त्यांनी चिमूटभर चाखून मान डोलावल्याखेरीज घाणा पाकिटात जात नसे. तोवर यंत्रं थांबत. निर्यात वाढवायला नेमका तोच वेळ वाचवायला हवा होता.

"नऊ वर्षांपूर्वीच्या तापानंतर त्यांनी एकही घाणा परत पाठवलेला नाही," अन्वय म्हणाला. " बिघडलेलेसुद्धा. ते गुपचूप बाजूला काढतात भाजणाऱ्या बायकाच."

शिल्पाताई आत गेल्या. "मेधाताई, तुम्हाला चव कळत नाही?"

"नाही गं."

"मग मान कशाला डोलवायचात?"

"हे गेल्यापासून मला विचारायला दुसरं कोण येतं? तू वाटी घेऊन यायचीस." त्या हसल्या. "बंद कर आता. धंदा आहे हा, हळदीकुंकू नव्हे."

चाखणं बंद झालं. चव उतरेल, तक्रार येईल, मग वाटी घेऊन परत जाता येईल, अशी शिल्पाताईंना मनातून आशा होती. काहीच बिघडलं नाही. मार्चमध्ये मेधाताई गेल्या, त्या आठवड्यातही विक्री भाकिताप्रमाणे तंतोतंत झाली.

वर्षअखेरीस अन्वय अहवाल घेऊन आला.

"सगळ्यांचे आकडे झाले ना?" शिल्पाताईंनी विचारलं.

"हो. तुमचाही काढलाय, काकू. तुम्ही विचारला नव्हता म्हणून बोललो नाही."

त्यांनी विचारलाच नाही. अन्वयनेही मान वर केली नाही.