साय धरलेलं पाणी

सखू रोजच्यासारखीच निघाली होती. डोक्यावर कोंडा-पेंडीची पाटी, पदर कमरेला खोचलेला, आणि उन्हं चढायच्या आत माशांना खायला घालून परत यायचं एवढंच मनात.

जांभूळ गावाच्या अंगाला, डोंगराच्या पोटात एक जुनी दगडखाण आहे. दगड काढून काढून ती खोल खोल गेली, मग झऱ्याचं पाणी लागलं आणि खाणवाले सामान घेऊन चालते झाले. त्या पाण्यात सखूच्या नवऱ्यानं पहिल्यांदा रोहू-कटल्याचं बी सोडलं. नवरा गेला, मासे राहिले. तेव्हापासून तळ्याचा कारभार तिच्या बाळा नावाच्या दिराचा, आणि माशांच्या पोटाची काळजी सखूची.

त्या उन्हाळ्यात बाळाच्या पोरीचं, करिष्माचं लग्न निघालं होतं. आगऱ्याच्या घरची हळद म्हणजे अख्खा गाव पंगतीला. बाळानं ठरवलं, मासा घरचाच, आणि असा जाडजूड की विठ्ठलवाडीच्या व्याह्यांनी तोंडात बोट घालावं. म्हणून त्यानं तळ्यात शेणाच्या पाट्या ओतल्या, वर कोंबडीखताची पोती रिकामी केली. पाणी हिरवं झालं म्हणजे माशाला आतच चरायला मिळतं, असा तळेवाल्यांचा समज. थोडं हिरवं चांगलं असतंही. पण थोड्यावर थांबेल तो बाळा कसला!

पाणी हिरवं झालं. मग अजून हिरवं झालं. आणि मग एका सकाळी त्याच्यावर साय धरली. दुधावर धरते ना, तशीच जाड, सुरकुतलेली. फक्त रंग हिरवा, भिंतीला द्यायच्या रंगासारखा. वास सुटला होता तो कुजलेल्या कोबीचा.

"भावजी, पाणी बिघडलंय," सखू म्हणाली.

"बिघडलंय काय? माजलंय! बघ वहिनी, मासा कसा फुगतो आता."

दोन दिवसांनी तळ्यावरचा काळ्या कुत्रा काठाचं पाणी प्यायला, चार पावलं चालला आणि आडवा झाला. पाय ताठ, तोंडाला फेस.

"साप चावला असंल," बाळा म्हणाला.

"सापाचा दात कुठं हाय दाखवा मला."

"तू काय जनावरांची डाक्टरीण हायस?"

हे असं चाललेलं. तर ज्या सकाळी सखू पाटी घेऊन निघाली, ती हळदीच्या दिवसाची सकाळ. काठावर येते तर सगळं तळं वर आलेलं. हजारो तोंडं सायीतून बाहेर, उघडी, मिटती. चप... चप... चप... बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्या एका जागी बसून काही चघळताहेत असा आवाज. पाटीतला कोंडा तिनं टाकला, पण एकानंही त्याला तोंड लावलं नाही.

मागून बाळा जाळं आणि माणसं घेऊन आला. खूश झाला. "बघ, हळदीला आपल्या पायानं चालून आलेत!"

"ते येत नाय भावजी. ते पळतात. त्या पाण्यातनं पळतात."

जाळं पडलं. सखूनं त्या पाण्याची एक बाटली भरून घेतली, पाय आपटत घरी येऊन ती पिशवीत घातली आणि शेअर रिक्षानं माशांच्या खात्याचं हापीस गाठलं. एका खिडकीनं दुसरीकडं पाठवलं, दुसरीनं जिन्यावर. जिन्यावरचा शिपाई म्हणाला, "बाटली बर्फात आणायची असते, मावशी." शेवटी विनिता नावाच्या तरुण मॅडमनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि त्यांचा चेहराच पडला.

"मावशी, हे विषारी शेवाळ वाटतंय. तो मासा कुणी खाऊ नका. शिजवून हे विष जात नाही."

"मग चला माझ्याबरोबर. हेच आमच्या भावजींना सांगा."

"तपासणी झाल्याशिवाय मला तसं येऊन सांगता येत नाही."

"मग तपासा की."

"मशीन बंद आहे. सोमवारी या."

"अगो बाय, हळद आज हाय!"

मॅडमनी बाटली परत तिच्या हातात दिली. सखूला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार?

परतताना ती खाणीवरूनच आली. भर दुपार. ऊन असं की कातळ पांढरा दिसत होता. एरवी तिथं बगळे असतात, चतुर असतात. त्या दुपारी काही नव्हतं. वाऱ्यानं पान हलत नव्हतं. सायीखालून एखादा बुडबुडा वर यायचा, फुटायचा, आणि कोबीचा वास अंगावर यायचा.

सखूला बघायचं होतं, तळ्यात एखादा तरी जीव राहिलाय का. ती पायरीवर उभी राहिली. रोजची हाक द्यायला तिनं श्वास घेतला.

"या गो बायांनो... या..."

हाक समोरून आली.

त्या खाणीचा उभा कातळ हाकेला ओ देतो हे गावात सगळ्यांना ठाऊक. आपण ओरडायचं, मग तो ओरडतो. पण सखूनं तोंड उघडलं नव्हतं. छातीतला श्वास छातीतच होता. आणि आवाज तिचाच, शेवटचा 'या' लांबवायची खोडही तिचीच.

हाक पाण्यावर विरली तशी साय हलली. वारा नसताना. काठाकाठानं सुरकुतत, गोळा होत, कातळाकडे सरकली... कुणी पदर ओढून घ्यावा तशी.

"कोन हाय?" असं विचारायचं तिच्या मनात आलं. कातळ म्हणाला, "कोन हाय...?"

मग पुन्हा तोच आवाज. या वेळी घोगरा, फाटलेला, रडवेला.

"जेवू नका... कुनी जेवू नका रे..."

आणि पाठोपाठ काहीतरी जड, पितळी, दगडावर आपटून गडगडत गेल्याचा आवाज.

सखूनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि ती धावत सुटली.

घरी मांडव सजला होता. मागच्या अंगणात आचारी आण्णानं चूल पेटवली होती आणि भल्यामोठ्या पितळी टोपात कालवण रटरटत होतं. सखूनं टोप पाहिला आणि तिला तो गडगडणारा पितळी आवाज आठवला. बाळाला तिनं बाजूला ओढलं.

"भावजी, हा मासा नको. विष हाय त्यान. हापिसातल्या बाईनं सांगितलंय."

"आण्णा, विष हाय काय रे?"

"कल्ला लालभडक होता, शेठ. जिवंत मासा चिरलाय मी."

"आयकलंस? आता चार माणसांत माझी शोभा करू नको."

"शोभा ऱ्हावू द्या, पोरीचा जीव बघा. शिकलेल्या बाईनं सांगितलंय!"

"मग आण तिला हिथं."

"तिचं मशीन बंद हाय!"

यावर मांडवातली माणसं खो खो हसली. कुणीतरी म्हणालं, "वहिनींचं पण मशीन बघा रे एकदा." सखूच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. खरं बोलणारं माणूस वेडं दिसतं आणि त्याला इलाज नसतो.

दिवेलागणीला पहिली पंगत बसली. पानं मांडली, भात वाढला. आण्णानं पळी उचलली, आणि सखू चुलीकडे धावली.

"जेवू नका! कुनी जेवू नका रे!"

घोगरा, फाटलेला, रडवेला आवाज. तिनं ओळखला. पुढचंही तिला ठाऊक होतं. लाकडाचा ओंडका घालून तिनं टोप उलथा केला. तो फरशीवर आपटला आणि गडगडत अंगणाच्या कडेपर्यंत गेला. सगळं कालवण गटारात.

मग काय बोलली नसतील माणसं! व्याही पानावरून उठले. बायका म्हणाल्या, नवरा गेल्यापासून हिला कुणाचं बरं बघवत नाही. बाळा मारायला धावला, अर्ध्यातच थांबला आणि मटकन खाली बसला. "माझ्या पोरीची हळद नासवलीस, वहिनी."

सखूनं हातातला ओंडका खाली टाकला. तिला हलकं वाटत होतं. कातळानं सांगितलं ते होऊन गेलं होतं. कुणाच्या पोटात घास गेला नव्हता, पोर वाचली होती. शिव्या काय, आज आहेत, उद्या विरतील.

ती आतल्या खोलीत गेली. करिष्मा पाटावर बसली होती. अंगावर हळद, केस ओले. शेजारी लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण, यशोधरा, पान लावत होती. तूच काही आधी चाखलं नाहीस ना, असं सखू विचारणारच होती...

"नाय मोठे आई, काय नाय खाल्लं," करिष्मा म्हणाली. "सकाळपासनं उपाशीच हाय."

सखूला वाटलं, बाहेरचा गोंधळ ऐकून पोरीनं ओळखलं. ती जवळ बसली. आणि तिच्या नाकात कुजलेल्या कोबीचा वास शिरला.

"यशोधरा," ती हळूच म्हणाली, "हिच्या आंघोळीचं पानी... कुठलं?"

"कुठलं म्हंजे? गावची विहीर आटली. टँकरचं पानी देवाला चालतं काय? सकाळी सवाष्णी वाजतगाजत तुमच्याच तळ्यावर गेलो. तू हापिसान होतीस." मग जरा अडखळून, "होतीस तरी तुला थोडंच नेलं असतं, बाय... रीतच हाय तशी. साय बाजूला सारली, कळशा भरल्या. मघाशी पोरीला चक्कर आली, तर त्यातलंच घोटभर पाजलं."

सखू दिवसभर मासा, मासा करून ओरडत होती. पाण्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिनं करिष्माकडे पाहिलं. पोर तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, लांबचं काहीतरी ऐकू येत असल्यासारखी मान कलती करून. बघता बघता तिचे डोळे भरले. तिनं सखूचा हात घट्ट धरला. हात गार होता.

"नको ना गो मोठे आई... अशी हाका मारू नको..." ती हुंदके देत म्हणाली. "उठतेय ना मी... बघ... उठतेय..."

सखूनं अजून तोंड उघडलं नव्हतं.