गंधारचं ताट

मे महिन्यातल्या भर दुपारी कर्जतच्या स्टँडवर कंडक्टरनं टपावरची बॅग दाणकन खाली टाकली आणि गंधारचं डोकं सटकलं. फेकायला कांद्याचं पोतं आहे का, म्हणून तो ओरडला, पण बस तोवर धूळ उडवत निघूनही गेली. गेल्या ऑगस्टात कुवेतमध्ये रणगाडे घुसले, तेव्हापासून त्याच्याजवळ एवढी एक बॅगच राहिली होती.

तेवीस वर्षांचं वय. वडील नृसिंहशास्त्री, म्हणजे अण्णा, गावात भिक्षुकी करायचे. ती पोथी माझ्या गळ्यात नको, मी आधी जग बघतो, असं त्यांच्या तोंडावर सांगून हा बहाद्दर परदेशी गेला होता. कुवेतला भाजीच्या गोदामात पेट्या उचलल्या, अरबी शिव्या शिकला, सुट्टीला समुद्रावर हिंडला. मजेत होता. मग युद्ध आलं आणि सगळ्या मजेची राख झाली. वाळवंटातून ट्रकनं पळताना पासपोर्ट गेला. अम्मानमध्ये एका बेकरीत पाव भाजत आणि वकिलातीचे उंबरे झिजवत त्यानं दिवस काढले. घरी दोन पत्रं टाकली होती. त्या धामधुमीत ती कुठं जिरली कोण जाणे.

देवळामागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं घर. अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि धाकटी बहीण अपूर्वा काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. तिनं मान वर केली, दादाकडं बघितलं आणि काठी तशीच धरून मागं मागं सरकत दारापर्यंत गेली.

"अण्णा," ती आत तोंड करून म्हणाली, "बाहेर या."

ओसरीच्या भिंतीवर गंधारचाच फोटो होता. फोटोला चंदनाचा हार.

मग जे ऐकायला मिळालं, त्यानं त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काष्टीच्या बाजारात अण्णांना कुवेतहून परतलेला एक जण भेटला होता. भाजीच्या गोदामातला, आपल्या नगर जिल्ह्यातला पोरगा वाटेत तापानं गेला, त्याला वाळूतच पुरलं, असं त्यानं सांगितलं. झालं! त्या दिवसापासून आईनं अन्न सोडलं. दुपारी गंधारचं ताट वाढायची, त्याच्यापुढं बसून राहायची आणि तसंच उचलायची. ही अशीच झुरून मरेल म्हणून शास्त्रीबुवांनी तोड काढली. पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, अंगावर गंधारचा सदरा घातला आणि सिद्धटेकला भीमेच्या काठी मुलाच्या नावानं त्याला अग्नी दिला.

"बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघावी, हे तुम्हीच लोकांना सांगता ना?" गंधार म्हणाला. "स्वतःच्या पोरासाठी तुम्हाला दोन महिने दम धरवला नाही?"

अण्णा म्हणाले, "दहाव्याला कावळा लगेच शिवला रे. पिंड ठेवून हात मागं घेतोय न घेतोय तोवर. मला वाटलं, सुटलास."

"मी तेव्हा पाव भाजत होतो, अण्णा."

मेलेला पोरगा कोण, हे गंधारला पक्कं ठाऊक होतं. गोदामात नगरकडचा दुसरा एकच होता. सूर्यभान. शेवगावकडचा, आईबाप नसलेला, बोर्डिंगात वाढलेला. कुवेतच्या खोलीत दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. शुक्रवारी सुट्टी असली की सूर्यभान उशी छातीशी धरून पडायचा आणि म्हणायचा, सांग की लेका घरचं. मग गंधार सांगत सुटायचा. माजघरातली थंडगार फरशी, आईच्या आमटीचा वास, सगळं. सूर्यभान म्हणायचा, तुजं घर मला तोंडपाठ झालंय. एकदा त्यानं विचारलं होतं, "म्या तुज्या घरी आलो, तर तुजी आई वाढंल का मला?" भटाच्या पोराला चेव आला. अरे, माझ्याच ताटावर बस की, असं तो म्हणाला होता. आता माणूस बोलून जातो!

तेवढ्यात आई बाहेर आली. गंधारला वाटलं होतं ती खंगली असेल. उलट चांगली सुधारली होती, गालांवर तकाकी होती. तो पुढं झाला. तिनं हसून पदर सावरला.

"या," ती म्हणाली. "उन्हातून आलात. आधी गूळपाणी घ्या."

सख्खी आई, आणि लेकाला अहोजाहो! त्यानं तिचे दोन्ही हात धरले, आई मी आहे म्हणाला, बालपणीच्या दहा खुणा सांगितल्या. ती प्रत्येक खुणेला मान हलवत होती, पाहुण्याचं ऐकावं तशी. मग हात सोडवून घेऊन म्हणाली, थांबा हं, त्याची जेवायची वेळ झाली.

तिनं ताट वाढलं. पोळ्या, आमटी, भात, डावीकडं लिंबाची फोड. ते घेऊन ती माजघरात गेली आणि दार लोटलं.

"दहाव्यापासून हे असंच चाललंय," अपूर्वा हळूच म्हणाली. "ताट रोज रिकामं होतं, दादा. अण्णा म्हणतात मांजर खातं."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही.

गंधार उठला आणि दार ढकलून आत शिरला. बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि इथं माठाजवळ बसल्यासारखा गारवा. आई पंख्यानं वारा घालत होती. समोर कुणी नव्हतं. पाट होता, ताट होतं, तेही चाटूनपुसून रिकामं केलेलं. आमटीच्या वाटीखाली मात्र पोळीचा एक चतकोर नीट घडी घालून ठेवलेला होता.

गंधारनं तो लगेच ओळखला. बोर्डिंगातली सवय होती ती. पुन्हा मिळेल न मिळेल म्हणून सूर्यभान जेवताना चतकोर वाटीखाली लपवायचा. कुवेतला सगळी खोली त्याला यावरून चिडवायची.

नाव त्याच्या जिभेवर आलं होतं, पण त्यानं घेतलं नाही. ओ आली असती तर?

"ऊठ माझ्या पाटावरून," तो दात आवळून म्हणाला. "ताटाचा शब्द दिला होता मी. घर नव्हतं दिलं. नाव नव्हतं दिलं."

आईनं पंखा थांबवला. तिला फार वाईट वाटल्याचं दिसत होतं.

"असं तोडून बोलू नये हो," ती म्हणाली. मग रिकाम्या पाटाकडं वळली. "गंधार, भात वाढू का रे?"

त्यानं ओ द्यायला तोंड उघडलं.

"व्हय आई. वाढ थोडा."

आवाज पाटावरून आला होता. त्या घरात व्हय म्हणणारं कुणीही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तो अंगणात भांडत राहिला, बापाशी, बहिणीशी, शेवटी कुरडयांवरच्या कावळ्यांशीसुद्धा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ज्या नावानं पाणी सोडलं ते नाव परत घेता येत नाही, ते म्हणाले. पण शास्त्रात वाट आहे. मेला म्हणून ज्याचं केलं आणि जो परत आला, त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तूप लावून न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, नवं नाव ठेवायचं.

"मी मेलोच नाही, तर जन्म कशाला घेऊ?"

"ती तुला तू म्हणेल," अण्णा म्हणाले.

एवढ्या एका गोष्टीसाठी तो तयार झाला.

सकाळी अंगणात त्याला तुपानं माखलं. पाणी घातलं, कोऱ्या पंचात गुंडाळलं. बाप मंत्र म्हणत होता आणि घोड्याएवढा पोरगा रागानं धुमसत बसला होता. मग आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा हात केसांतून फिरला आणि त्याला रडू फुटलं. आता काहीही नाव ठेवा, त्याला वाटलं.

ती वाकली. कानाशी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं.

"सूर्यभान."

हे नाव त्यानं या घरात उच्चारलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"गंधारनं," आई म्हणाली. "त्याला घरचं कुणी नाही, आपल्याकडंच राहू दे म्हणाला. चल, जेवून घे तू."

ओसरीवर त्याचं पान मांडलं होतं. माजघरात दुसरं ताट गेलं, दार लोटलं गेलं. त्यानं आतल्या आत कालचा राग शोधून बघितला. सापडला नाही. भूक मात्र लागली होती. आमटी छान झाली होती, तो पोटभर जेवला.

अपूर्वा ताट उचलायला आली आणि वाटीला हात लावून तशीच थांबली. वाटीखाली पोळीचा चतकोर होता, नीट घडी घातलेला.