घरातली म्हणून

"आत्या, दोन घास तरी खा..."

शिवकन्याचे शब्द पुरते बाहेर पडले नाहीत तोच धुरपदाबाईंनी समोरचं ताट बाजूला सारलं, आणि सुनेकडं न पाहता, भिंतीला हात टेकत टेकत त्या ओसरीवर जाऊन बसल्या. शिवकन्या पोलिसांकडून सुटून आल्यापासून हे असंच चाललं होतं! शेजारच्या कडूबाईच्या घरचा चहा त्या पीत, पण सुनेनं पुढं केलेलं काही त्यांच्या घशाखाली उतरत नसे. शिवकन्याच्या व्याकुळ मनानं त्याचा एकच अर्थ लावला होता. कोठडीत राहून आलेली सून सासूला विटाळलेली वाटत होती.

झालं होतं ते असं. सोनपेठला भावकीतलं लग्न. नवरदेवाच्या चुलत्यानं सगळ्या लेकी-सुनांना आहेर म्हणून एकाच गठ्ठ्यातल्या पोपटी साड्या वाटल्या, आणि या हौशी बायांनी त्याच नेसून परतीची वाट धरली. परभणीच्या बसस्थानकावर जिकडंतिकडं पोपटीच पोपटी! त्या गर्दीत कुण्या बाईच्या गळ्यातली पोत गेली. कॅमेऱ्यात दिसली ती डोक्यावरून पदर घेतलेली, पाठमोरी, पोपटी साडीतली एक बाई. दुसऱ्या दिवशी पोलीस त्या साड्यांचा माग काढत पेडगावात आले, धुरपदाबाईंच्या डोळ्यांपुढं मोबाईल धरला आणि विचारलं, "मावशी, कोण हाय ही?" धुरपदाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "ही आमची सून... शिवकन्या."

बस्स! त्या एका वाक्यावर पीठ मळत बसलेल्या शिवकन्याला पोलिसांनी पिठाच्या हातानिशी उठवून नेलं. ना घराची झडती, ना आणखी कुणाला विचारपूस. ती हात जोडून सांगत राहिली, आणि फौजदार एकच म्हणत राहिला, "तुझ्याच सासूनं ओळखलंय तुला." दोन रात्री ती आत होती. मग नांदेडला खरी चोर सापडली. लग्नाच्या वऱ्हाडात घुसून हात मारणारी, मुद्देमालासकट. पोपटी साडी काय, असल्या साड्या तर दर बाजारात ढिगानं मिळतात! शिवकन्याला सांगण्यात आलं, "गैरसमज झाला, जा घरी."

घरी ती आली, पण तिचं नाव काही तिच्याबरोबर परत आलं नाही. हळदीकुंकवाला ती गल्लीतल्या मनकर्णाच्या शेजारी टेकली, तर मनकर्णानं बोलता बोलता, अगदी सहज, आपली पोत पोलक्यात सारली. ज्या बायांच्या बाळंतपणात शिवकन्या रात्र रात्र जागली, त्या बाया! तिथून उठून ती घरी आली आणि न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

पण गावाचं दुःख एकवेळ गिळता येतं. तिच्या काळजात रुतलेला काटा वेगळाच होता. आत्या असं का म्हणाल्या? योगीराज, तिचा नवरा, म्हणायचा, "आईची नजर कमी झालीया, चुकली असंल." नजर कमी? नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली ही म्हातारी ओढ्यापलीकडची शेळी कुणाची हे ओसरीवरून सांगायची! मग त्यांनी आपल्याला खरंच चोर मानलं? नऊ वर्षं ज्यांचे पाय चेपले, त्यांनी? हा प्रश्न ओठांवर येई आणि परत फिरे... उत्तराचीच तिला भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात पूर्णेहून पंकजा आली. योगीराजची धाकटी बहीण, सासरी जेमतेम नांदत असलेली. आल्या आल्या तिनं भावाला फैलावर घेतलं.

"दादा, गैरसमज झाला म्हणं! वैनीची इज्जत काय रस्त्यावर पडलीया का? परभणीत एक वकीलबाई हायत, लय हुशार. उद्याच जाऊ."

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," योगीराज पुटपुटला. "अन् तिथं आईला उभं करतेल. म्हातारीची फजिती कशाला करायलाव तुमी?"

"अन् माझी झाली ती?" शिवकन्या एवढंच बोलली. तिचा आवाज असा कापला, की योगीराजला मान वर करवेना. ओसरीवर धुरपदाबाई अंधारात बघत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

सकाळी तिघं निघाली, तर धुरपदाबाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या. "मी बी येते," म्हणाल्या. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

वकील भक्तीताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "आधी कोर्टाकडून या गुन्ह्यातून तुमचं नाव लेखी निघालं पाहिजे, नाहीतर हा डाग उद्या कुठंही आडवा येईल. मानवी हक्क आयोगाकडं तक्रार करता येते. आणि हायकोर्टाच्या खंडपीठात जाऊन सरकारकडून भरपाईही मागता येते. वेळ लागेल, पण हा तुमचा हक्क आहे. कुणाच्या एका वाक्यावर, काहीही न तपासता बाईला उचलून नेलं, याचं उत्तर ठाण्याला द्यावंच लागेल. फक्त..." त्या धुरपदाबाईंकडं वळल्या. "ते म्हणणार, घरच्याच माणसानं ओळखलं, आम्ही काय करणार? मावशी, तुम्हाला त्यात खरंच सूनबाई दिसल्या होत्या?"

"नजर कमी हाय हो तिची," योगीराज घाईघाईनं म्हणाला. "तसंच लिहा. म्हातारपण, दिसलं न्हाई नीट."

किती सोपी पळवाट! सगळ्यांची सुटका होती तीत. शिवकन्यानंही मान खाली घातली. चला, आता कधीच कळणार नाही, असं तिला वाटलं.

"न्हाई," धुरपदाबाई म्हणाल्या. "माझी नजर चांगली हाय. खोटं लिहू नका."

त्यांनी आपली खुर्ची भक्तीताईंकडं ओढली.

"मला त्यात सून दिसलीच न्हवती, बाई... मला माझी पंकजा दिसली! डाव्या हातानं पदर सावरलेला, हिच्यासारखाच. अन् त्या दिवशी स्टँडवर, तसल्याच साडीत, ही मागं राहिली होती, गाडी सुटता सुटता धापा टाकत आली. म्हणलं, लेक तर परक्याच्या दारात. आधीच तिचं सासर असं. तिचं नाव निघालं तर उंबऱ्याच्या आत घेतेल का तिला? अन् ही..." त्यांनी पहिल्यांदा शिवकन्याकडं पाहिलं. "ही आपल्या घरातली. घरातल्या माणसाला घर झाकून घेतंय, असं वाटलं मला. तोंडातून हिचंच नाव गेलं..."

"आई!" पंकजा ताडकन उठली. "लेकरासाठी फुगा घ्यायला थांबले होते गं मी! मी चोर वाटले तुला? पोटची लेक?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कुणी काही बोलायच्या आत ती दार ढकलून बाहेर पडली.

शिवकन्या जागच्या जागी थिजली होती. घरातली! या एका शब्दासाठी नऊ वर्षं ती त्या घरात झिजली होती. सणावाराला, पाहुण्यारावळ्यांत, कधीतरी आत्यांच्या तोंडून तो निघेल म्हणून कान देऊन राहिली होती. आणि तो निघाला तो असा! तिला संताप आला, अनावर संताप आला... आणि त्या संतापाच्या तळाशी कुठंतरी, तिला स्वतःलाही लाज वाटावी असं, सुखही वाटलं.

"मग माझ्या हातचं ताट का सारत होता, आत्या? मला वाटलं, मी बाटले..."

"तू?" म्हातारीचा हुंदका फुटला. "तुझ्या हातचं खायला मला तोंड कुठं उरलं होतं, माय?"

भक्तीताई हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, हे शपथेवर सांगितलंत, तर जाणूनबुजून खोटी माहिती दिली म्हणून पोलीस तुमच्यावरच उलटू शकतात. विचार करा."

"आई, नको," योगीराज कळवळून म्हणाला.

"उलटू द्या. दोन रात्री हिनं काढल्या, मी बी काढीन."

जिन्यावरून उतरणाऱ्या पंकजाचं रडणं वर ऐकू येत होतं. शिवकन्यानं डोळे पुसले. "आत्या, ताई चालल्या. जा, अडवा त्यांना. अशा गेल्या तर पुन्हा यायच्या न्हाईत..."

धुरपदाबाईंचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. सगळा जीव दाराकडं ओढत होता, आईच ती! पण त्या उठल्या नाहीत.

"त्या दिवशी तिच्यामागं धावले अन् तुला सोडलं," त्या म्हणाल्या. "आज न्हाई उठायची मी इथून."

माफ केलं, असं म्हणायला शिवकन्याची जीभ वळेना. ते शब्द अजून तिच्यापाशी नव्हतेच. तिनं फक्त सासूच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला.

"तुमी बसा मग, आत्या. सगळं सांगा. ताईंना मी आणते."

आणि ती धावली. जिन्याच्या अर्ध्यात पोचली असेल नसेल, तोच वरून तिला म्हातारीचा आवाज ऐकू आला, खणखणीत, साऱ्या इमारतीला ऐकू जावा असा:

"लिहा, बाई! माझ्या सुनेनं चोरी केली न्हाई... अन् मला ते त्याच दिवशी ठावं होतं!"