शालूबाईंची पायपेटी

निपाणीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या मंगलनं शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेतली. मग मेणबत्त्यांचे दोन पुडे, देवळाची किल्ली सांभाळणाऱ्या नागुबाईसाठी अर्धा किलो पेढे, आणि पाणी भरायला चाललेल्या कंडक्टरला विचारून बोरगावच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा. चोवीस डिसेंबरची दुपार होती. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक रांगेत चालल्या होत्या आणि बस त्यांच्या मागून गोगलगाईसारखी सरकत होती. मंगलला घाई नव्हती. उलट, बस आणखी हळू गेली तरी चाललं असतं असं तिला वाटत होतं.

चौपन्न वर्षांची मंगल बेळगावात एका शाळेत शिकवायची. चार दिवसांपूर्वी गावातल्या चर्चचे हरिभाऊ यांचा फोन आला होता. "मंगलताई, यंदाचा नाताळ आपल्या देवळातला शेवटचा. माणसंच ऱ्हायली न्हाईत. फुडच्या वर्षापासनं निपाणीला जायाचं. शालूबाईंची पेटी तेवढी एकदा वाजावी असं समद्यांना वाटतंय. तुमच्याबिगर कोन वाजवनार?"

मंगल 'येते' म्हणाली होती. मागच्या वर्षीही ती 'येते'च म्हणाली होती.

ती ख्रिस्ती नव्हे. तिचे वडील आण्णाप्पा तंबाखू लावणारे शेतकरी, घरात खंडोबा आणि यल्लम्मा. पण त्यांच्या कुंपणापलीकडं शाळेतल्या शिक्षिका शालूबाई राहायच्या. शालूबाईंचे दोन्ही पाय लहानपणीच लुळे पडलेले. काखेत कुबड्या घेऊन त्या शाळेत यायच्या, आणि रविवारी शेतातल्या त्या कौलारू देवळात पायपेटी वाजवायच्या. गोऱ्या मिशनरींनी मागं ठेवलेली ती पेटी उंच आणि काळ्या लाकडाची होती. खाली दोन फळ्या. त्या पायांनी आळीपाळीनं दाबल्या की आतला भाता फुगायचा आणि पट्ट्यांना सूर यायचा. शालूबाईंची बोटं सोन्याची, पण फळ्या दाबायला पाय कुठले? कुणीतरी दुसरं लागायचं.

आठ वर्षांची असताना एका नाताळाला मंगल केकच्या आशेनं दारात उभी होती. शालूबाईंनी तिला हाक मारली. "ए पोरी, हिकडं यी. चालाय येतंय न्हवं तुला? मग हितं उभी ऱ्हा, आन जागच्या जागी चाल."

मंगल पेटी आणि स्टूल यांच्या फटीत उभी राहिली, लाकडाला धरून, डाव्या पायाची जुळलेली दोन बोटं रोवत, फळ्यांवर अनवाणी चालू लागली. आणि तिच्या डोक्यावरून, तिच्या पायांतून निघाल्यासारखा, सूर वाहू लागला. त्या दिवशी काय वाटलं ते तिला पुढं कधीच कुणाला सांगता आलं नाही. चाल फार जलद झाली की शालूबाई वाजवता वाजवताच कोपरानं तिच्या खांद्यावर दोनदा हलकेच ठोकायच्या. म्हणजे, हळू.

मग दर नाताळाला तेच. एका वर्षी आण्णाप्पा पटका काखेत धरून दाराबाहेर उभे राहून ऐकत होते, आत काही आले नाहीत. एका वर्षी वळवासारखा अवकाळी पाऊस पडला आणि कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली छत्री धरून सगळ्यांनी गाणी म्हटली. शालूबाईंनी स्वतः एक गाणं रचलं होतं, 'उजाडलं गोठ्यात, दार उघडा गं'. ते शेवटी व्हायचं, आणि त्यातला खालचा सूर मंगलचा असायचा. लग्न होऊन बेळगावला गेल्यावरही ती येत राहिली. कडेवर विक्रमला घेऊनसुद्धा आली. मग नोकरी, विक्रमच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. एक वर्ष चुकलं, दोन चुकली, अकरा चुकली.

मागच्या डिसेंबरात शालूबाईंचा फोन आला होता. आवाज पार बारीक झालेला. "मंगल, बोटं अजून हायत गं माजी. पाय तेवढं घिऊन यी."

ती गेली नाही. कारण असं काही नव्हतंच. थंडी होती, सुटी होती, उद्या जाऊ म्हणता म्हणता नाताळ होऊन गेला. नंतर तिला कळलं, की शालूबाई त्या सकाळी तासभर पट्ट्यांवर बोटं ठेवून पेटीसमोर बसून होत्या. हरिभाऊंनी फळ्या दाबून पाहिल्या, पण त्यांना ते साधलं नाही. "ऱ्हाऊ द्या," शालूबाई म्हणाल्या, "ती वाटंवर आसंल." फेब्रुवारीत त्या गेल्या.

देवळाची किल्ली नागुबाईकडं होती. नागुबाई म्हणजे देवळाची झाडलोट करणारी म्हातारी, शेताच्या अलीकडं एकटीच राहायची. तिनं मंगलला चहा दिला, किल्ली हातावर ठेवली आणि हात तसाच धरून ठेवला.

"दिस हाय तवर वाजीव. लाइट गेली की पेटी मिटायची आन सरळ हिकडं यायचं."

"का गं मावशी?"

"का म्हंजे... यी म्हंते न्हवं. उंदरं हायत तिथं. लई उंदरं."

उसाच्या दोन फडांमधून पायवाट जात होती. लांब कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीत आटणाऱ्या रसाचा गोड, करपट वास हवेत तरंगत होता. कुलूप उघडून मंगल आत गेली. भिंतींना नवा चुना, खिडकीत लाल कागदाची चांदणी. पेटीवर पांढरी चादर होती. तिनं ती काढली, फळ्यांच्या बिजागऱ्यांना तेल सोडलं, चपला काढून स्टुलावर बसली.

सुरुवातीला काही जमेना. आयुष्यभर तिनं या पेटीला पाय दिले होते, बोटं नाही. पट्ट्या तिला ठाऊक होत्या त्या शाळेतल्या बाजाच्या पेटीच्या. पण तासाभरात बोटं वळली. एक गाणं बसलं, दुसरं बसलं. खिडकीतलं ऊन तांबूस झालं, मग भिंतीवरून निघून गेलं. सहाच्या सुमाराला लाइट गेली.

मंगलनं नागुबाईचं बोलणं ऐकायला हवं होतं. पण बाईंचं गाणं अजून राहिलं होतं, आणि ते तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिनं एक मेणबत्ती लावून पेटीच्या माथ्यावर चिकटवली.

पहिलं कडवं संपता संपता तिच्या पोटरीत गोळा आला. कळ इतकी जोराची, की तिनं दोन्ही पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर घेतले. बोटं मात्र पट्ट्यांवर तशीच राहिली. भात्यात उरलेली हवा संपली की सूर आपोआप मरेल, म्हणून ती थांबली.

सूर मरेना.

तिनं मनात वीस आकडे मोजले. सूर तसाच, भरलेला, गोल. मग तिला तो आवाज ऐकू आला. करर्... धप्. करर्... धप्. तिच्या पायांखालच्या अंधारात फळ्या खालीवर होत होत्या.

तिनं खाली पाहिलं नाही. बोटं उचलायचाही धीर झाला नाही. उजव्या बाजूनं वास आला. कापूर घातलेल्या खोबरेलाचा. शालूबाई रोज रात्री गुडघ्यांना लावायच्या तो. स्टुलाची उजवी कड किंचित दबली, जशी शेजारी कुणी टेकल्यावर दबते.

"बाई..."

करर्... धप्.

मंगल वाजवू लागली. पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून. दुसरं कडवं. तिसरं. भाता कुठंही कमी पडला नाही. श्वास कुठं घ्यायचा, कुठं सोडायचा, सगळं ठाऊक असल्यासारखं. चौथ्या कडव्याला चाल वाढत चालली, बोटं मागं पडू लागली. तेव्हा विचार न करता तिनं कोपरानं पेटीच्या लाकडावर दोनदा हलकेच ठोकलं.

चाल हळू झाली.

मंगलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मागच्या वर्षी मी यायला हवं होतं, बाई. काही काम नव्हतं मला. खरंच काही काम नव्हतं..." "तुमचे पाय... बरे झाले का हो?"

करर्... आणि आवाज अर्ध्यावर थांबला. सूर खाली घसरत विझला. त्या शांततेत तिला कुणाचातरी श्वास ऐकू आला. धाप लागलेला. भराभर, बारीक. शेजारून नव्हे. खालून, पेटी आणि स्टूल यांच्या फटीतून... तिच्या गुडघ्यांच्या अगदी जवळून.

मेणबत्ती तिनं स्वतः फुंकली, की ती आपोआप विझली, हे तिला नंतर आठवेना. पायवाटेवर चपला हातात होत्या एवढंच तिला कळलं. दोन्हीकडं ऊस सळसळत होता आणि वारा तर नव्हता. तिनं मागं वळून पाहिलं नाही. नागुबाई बॅटरी घेऊन दारात उभी होती.

"किती येळ गं... लाइट गेल्याली कळली न्हाय व्हय?" मग जरा थांबून म्हणाली, "ग्वाड वाजवलंस पर. शालूबाई असताना वाजायची तशी वाजली. येकटीनंच वाजवलंस?"

"व्हय," मंगल म्हणाली.

नागुबाईनं बाहेरच्या खोलीत फरशीवर अंथरूण घालून दिलं. मंगलला झोप लागणार नाही असं वाटलं होतं, पण डोकं टेकताच ती गाढ झोपली. इतकी गाढ ती कित्येक वर्षांत झोपली नव्हती. झोपेत तिच्या कुशीत काहीतरी ऊबदार होतं असं तिला वाटलं. गोधडी असेल.

पहाटे अंधारातच दोघी उठून देवळात गेल्या. नऊला माणसं आली. वीस-बावीस जण, मिरजेहून, निपाणीहून, एक कुटुंब पुण्याहून. मंगल पेटीवर बसली. रात्रभर तिनं मनाशी एक आशा धरली होती, भीतीच्या खाली दडवून. पण फळ्या जड होत्या. दाबाव्या तेव्हाच दबत होत्या, सोडल्या की सूर दोन क्षणांत मरत होता. शेजारी कापराचा वास नव्हता. चौथ्या कडव्याला तिनं कोपरानं लाकडावर दोनदा ठोकून पाहिलं. काही झालं नाही. पेटी रिकामी होती. लोक रडत रडत गात होते, हरिभाऊ तर बाईनं पदरात लपवावं तसं उपरण्यात तोंड लपवत होते, आणि खालचा सूर मंगलनं एकटीनं शेवटपर्यंत धरला.

मिरजेच्या चर्चला द्यायची ठरलेली पेटी टेंपोत चढली तेव्हा दुपार झाली होती. मंगल पिशवी घ्यायला नागुबाईच्या घरी आली. म्हातारी ओलं फडकं घेऊन बाहेरच्या खोलीत उकिडवी बसली होती.

"मंगल, राती कुनाचं प्वार आनलंतंस गं संगं?"

"कुणाचं? कुणाचं नाही."

"मग ह्ये कसलं?"

शहाबादी फरशीवर काळ्या मातीची पावलं उमटली होती. लहान, अनवाणी, दवानं भिजलेली, आता सुकलेली. उंबऱ्यावरून आत आलेली, एकामागं एक, सरळ मंगलच्या अंथरुणाच्या कडेपर्यंत. तिथं संपलेली. परत गेलेली एकही नव्हती.

"सात-आठ वर्साचं आसंल," नागुबाई वाकून बघत पुटपुटली. "आन ह्ये बग की. डाव्या पायाची दोन बोटं जुळल्यात."

मंगलनं आपला डावा पाय हळूच साडीच्या काठाखाली ओढून घेतला.